पाळी गेल्यानंतरची हाडे आणि ताटातले कॅल्शियम

हाड बाहेरून दगडासारखे वाटले तरी ते जिवंत असते. जुना भाग झिजवणाऱ्या आणि नवा घडवणाऱ्या पेशी त्यात आयुष्यभर काम करीत असतात. झिजवणाऱ्या पेशींना आवर घालणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक पाळी कायमची थांबल्यावर झपाट्याने घटते आणि त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता सर्वाधिक वेगाने उतरते. नुसत्या कॅल्शियमने ही झीज थांबत नाही, पण ते कमी पडले तर रक्तातील पातळी राखण्यासाठी शरीर हाडांतूनच उचल करते. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींत प्रौढ स्त्रीसाठी रोज १००० मिलिग्रॅम आणि रजोनिवृत्तीनंतर १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम सुचवले आहे.

मुंबईत त्यासाठी दूर जावे लागत नाही. दादरच्या कोणत्याही वाण्याकडे मिळणाऱ्या नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे ५० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून साधारण १८० मिलिग्रॅम मिळते. कपभर दूध जवळपास ३०० देते आणि दूध सोसत नसेल तर दही बहुधा सोसते. मासे खाणाऱ्या घरांत काट्यांसकट चावून खाल्ली जाणारी मांदेली हा उत्तम स्रोत आहे. सुकटीतही कॅल्शियम भरपूर असते, मात्र मिठामुळे लघवीवाटे जाणारे कॅल्शियम वाढते, त्यामुळे ती नीट धुऊन घ्यावी.

अन्नात किती आहे यापेक्षा अंगी किती लागते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. दुधातील सुमारे ३० टक्के कॅल्शियम आतड्यांतून शोषले जाते, तर पालकातील ऑक्झलेट हा घटक कॅल्शियमला बांधून ठेवत असल्याने त्यातील जेमतेम ५ टक्केच. हाडांसाठी पालकापेक्षा मुळ्याचा पाला बरा. नाचणीतील फायटेट हा घटकही शोषणात आडवा येतो, पण मोड आणल्याने किंवा आंबवल्याने तो कमी होतो, म्हणून नाचणीचे सत्त्व आणि आंबील या आपल्या जुन्या रीती आजही मोलाच्या आहेत. शोषणाला ड जीवनसत्त्व लागतेच, आणि इमारतींच्या गर्दीत दिवस काढणाऱ्या स्त्रियांत त्याची कमतरता सर्रास आढळते.

वनौषधींमध्ये हाडजोडीचे नाव आधी घेतले जाते. चौकोनी कांड्यांची ही वेल अस्थिभंगावर परंपरेने वापरली जाते, प्राण्यांवरील प्रयोगांत तिचे परिणाम आशादायक दिसले आहेत, परंतु माणसांवरील अभ्यास लहान आहेत. तिच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेले औषध बंद करणे धोक्याचे आहे. शंखभस्मात मुख्यतः कॅल्शियमचेच क्षार असतात, तेव्हा कॅल्शियमच्या गोळीच्या जोडीला ते घेत असल्यास दोन्हींची बेरीज करावी. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, हेही डॉक्टरांशी बोलताना लक्षात असावे.

गोळीचे वेष्टन बारकाईने वाचावे. १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असते. ही गोळी जेवणासोबत घ्यावी आणि एका वेळी ५०० हून अधिक घेऊ नये, कारण मात्रा वाढली की शोषणाचे प्रमाण घटते. आहारातून पुरेसे मिळत असताना वर गोळ्या घेतल्यास मूतखड्याचा धोका वाढतो. थायरॉइडची गोळी सकाळी घेणाऱ्या स्त्रियांनी तिच्यात आणि कॅल्शियममध्ये किमान चार तासांचे अंतर ठेवावे.