सोप ऑपेरा आणि टेलिनोव्हेला: साबण दोन्हीकडे, शेवट एकीकडेच

'डेली सोप' हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळलाय की त्यातला साबण कुणाला दिसत नाही. मूळ नाव 'सोप ऑपेरा', पण त्यातला ऑपेरा तर शोधूनही सापडायचा नाही. संगीत नाटकासारखं पद तिथे कुणी म्हणत नाही.

साबण मात्र खरा. १९३० च्या दशकात अमेरिकेत, नवरा कामावर आणि पोरं शाळेत गेली की रेडिओवर पंधरा-पंधरा मिनिटांच्या कौटुंबिक श्रुतिका लागायच्या. ऐकणाऱ्या गृहिणी, म्हणजे घरात साबण आणणाऱ्याही त्याच. १९३३ साली प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या ऑक्सिडॉल या धुण्याच्या पावडरीने 'मा पर्किन्स' ही श्रुतिका पुरस्कृत केली. ती १९६० पर्यंत चालली. 'ऑपेरा' हा निव्वळ टोमणा. काउबॉयच्या स्वस्तातल्या सिनेमांना आधीच 'हॉर्स ऑपेरा' म्हणायचे, त्या चालीवर हा साबणाचा.

लॅटिन अमेरिकेतली टीव्ही मालिका, म्हणजे टेलिनोव्हेला, पहिल्या नजरेत सोप ऑपेराची सख्खी बहीणच वाटते. रडारड तीच, कारस्थानं तीच. क्युबात रेडिओवरच्या अशा कथांचा खर्चही साबणवालेच उचलायचे. पण 'नोव्हेला' म्हणजे स्पॅनिशमध्ये कादंबरी, आणि कादंबरीला शेवटचं पान असतं. रोज संध्याकाळी-रात्री एक भाग, असे शंभर-दोनशे भाग. मग कारस्थानी बाईचा हिशेब चुकता, लग्न, खेळ खलास. सोप ऑपेराला हे परवडत नाही. गोष्ट संपली तर साबण कुणाला विकायचा? 'गायडिंग लाइट' १९३७ साली रेडिओवर सुरू झाली, १९५२ साली टीव्हीवर आली आणि थांबली थेट २००९ साली. बहात्तर वर्षं!

मग आपल्याकडे काय आलं? आधी टेलिनोव्हेला. तत्कालीन माहिती व प्रसारण मंत्री वसंत साठे यांनी मेक्सिकोत पाहिलं, की कुटुंबनियोजनासारखे विषय तिथे मालिकेतून घरोघरी पोचवतात. त्यातून १९८४ साली दूरदर्शनवर 'हम लोग' आली आणि दीडशेच्या वर भाग झाल्यावर १९८५ साली रीतसर संपलीसुद्धा. आजच्या वाहिन्यांना हा संयम झेपेलसं वाटत नाही.

पुढे खाजगी वाहिन्यांनी पाणी घालायला सुरुवात केली. कोलंबियातली टेलिनोव्हेला 'बेट्टी' १९९९ साली सुरू होऊन दीड वर्षात आटोपली होती. तिच्यावरून बेतलेली आपली हिंदी मालिका 'जस्सी' २००३ साली आली आणि अडीच वर्षांच्या वर चालली.