मिक्स्चरच्या बाटलीपासून एक-शून्य-एकपर्यंत

कोकणातल्या घरात म्हाताऱ्या माणसांच्या औषधांचा घोळ झाला की दोष विसरभोळेपणाला दिला जातो. घोळाचं मूळ त्याहून जुनं आहे.

पूर्वी गावचा डॉक्टर सांगे आणि कंपाउंडर औषध बनवून देई. मिक्स्चरच्या बाटलीला खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवलेली असे. एक खाच म्हणजे एक डोस. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही ते कळे. शिवाय अख्ख्या घराचं औषधपाणी एकाच माणसाच्या डोक्यात असे. (बाटलीत नेमकं काय आहे हे कुणी विचारत नसे, तेव्हा त्या काळाचे फार गोडवे नकोत.)

मिक्स्चर गेलं, गोळ्या आल्या. बीपी, साखर, गुडघे, झोप, प्रत्येकाचा डॉक्टर निराळा. गणपतीला येणारा चाकरमानी मुलगा मुंबईच्या डॉक्टरची औषधं आणतो, रत्नागिरीची चालूच असतात. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी पोटात जातं. त्यात दुकानदार स्ट्रिपमधून सहा गोळ्या कात्रीने कापून देतो आणि मुदतीची तारीख उरलेल्या तुकड्यावर दुकानातच राहते. चिठ्ठीवर मात्र एवढंच, १-०-१: सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक.

नर्सिंगच्या शिक्षणात पाच गोष्टी घोटून घेतात: योग्य रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग (तोंडाने की सुईने), वेळ. पाचही बरोबर असून चूक होऊ शकते, कारण त्यात वयाचा हिशेब नाही. मूत्रपिंडं मंदावतात, शरीरात चरबीचं प्रमाण वाढतं. डायझेपाम हे झोपेचं औषध म्हातारपणी कितीतरी जास्त काळ अंगात रेंगाळतं आणि रात्री लघवीला उठलेलं माणूस पडतं. १९९१ मध्ये अमेरिकन डॉक्टर मार्क बिअर्स आणि सहकाऱ्यांनी वृद्धांच्या शुश्रूषागृहांसाठी टाळावयाच्या औषधांची यादी केली; १९९७ मध्ये ती पासष्टीपुढच्या सर्वांना लागू झाली. साखरेची ग्लिबेनक्लामाइड, सर्दीची साधी क्लोरफेनिरामिनसुद्धा आज तिच्यात आहे. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर इजा पाच वर्षांत निम्मी करण्याचं उद्दिष्ट ठेवलं.

उपकेंद्रातली सिस्टर बीपीच्या गोळ्या देते, पण तिच्या रजिस्टरात तिने दिलेलंच औषध असतं, मुंबईहून आलेली पिशवी नसते. म्हणून अनुभवी सिस्टर ‘घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या’ म्हणते, आणि त्या पिशवीतून शेजारणीने दिलेली गुडघ्याची गोळीही निघते.