वंशावळ फक्त मालगुजारांचीच, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या जमीनदारांचीच, सापडते? नाही हो!
नागपुरात वर्षानुवर्षं ऐकू येतं की राजेभोसले नाहीतर मालगुजारांच्याच पिढ्या कागदावर आहेत, शेतमजुराची नोंदच कोणी ठेवली नाही. साफ चूक आहे हे. इंग्रजांच्या काळात गावचा कोतवाल घरोघरच्या जन्म-मृत्यूची नोंद द्यायचा, तेच कोतवाल बुक, त्याची नक्कल तहसीलला मागता येते, आणि पुष्कळदा बाळाचं नावच नसतं, नुसतं मुलगा किंवा मुलगी आणि बापाचं नाव, म्हणून बापाच्या नावानंच शोधा, नाहीतर हाती असलेली नोंदही सुटते. जमिनीसाठी मिसल बंदोबस्त, म्हणजे इंग्रजांनी सारा ठरवताना केलेली जुनी जमिनीची नोंद, बघा. ऑनलाइन फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर हरिद्वारच्या पंड्यांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या पिढ्या लिहून ठेवणाऱ्या तीर्थपुरोहितांच्या, वह्यांचे स्कॅन आहेत, अकाउंट फुकट. राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे ऑनलाइन पोर्टलही बघा, तिथं शोधताना महाराष्ट्र नाही, सेंट्रल प्रोव्हिन्सेस टाका, कारण 1950 पर्यंत आपण तिकडेच होतो, मग 1956 पर्यंत मध्य प्रदेशात ना.