इराण्याचे हॉटेल म्हणजे पारशी हॉटेल नव्हे

मुंबईतील जुन्या उपाहारगृहांविषयी लिहिताना ‘पारशी-इराणी कॅफे’ हा जोडशब्द आता इतका रुळला आहे, की मधली आडवी रेघ दोन निराळ्या गोष्टींना जोडते, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. गोंधळाचे कारण समजण्यासारखे आहे. दोन्हीकडे गल्ल्यावर बसणारा मालक बहुधा झरथुष्ट्री असतो, भिंतीवर प्रेषित झरथुष्ट्राची तसबीर दिसते, आणि अनेक ठिकाणी अकुरी (मसालेदार ढवळलेली अंडी) व कस्टर्ड हे पदार्थही समान असतात. तरीही या दोन जागांनी शहराला काय खाऊ घातले आणि ते कोणत्या चुलीवरून आणले, हे पाहिले की साम्य फार काळ टिकत नाही.

पारशी अरबांनी इराण जिंकल्यानंतरच्या शतकांत गुजरातच्या किनाऱ्यावर संजाणला उतरले, आणि पुढे गुजराती हीच त्यांची मातृभाषा झाली. ज्यांना मुंबई ‘इराणी’ म्हणते, ते मुख्यतः 19व्या शतकाच्या उत्तरार्धात आणि 20व्या शतकाच्या आरंभी इराणमधील यझ्द व केरमान या भागांतून आले. काजार राजवटीत तेथील झरथुष्ट्री लोकांवर जिझिया होता. त्यांची दैन्यावस्था दूर करण्यासाठी मुंबईच्या पारशांनी 1854 साली माणेकजी लिमजी हतारिया यांना इराणला पाठवले, आणि त्यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर 1882 मध्ये तो कर रद्द झाला. गरिबी मात्र हटली नाही, आणि माणसे मुंबईकडे येत राहिली. 1908 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पेटिट विरुद्ध जीजीभाई या खटल्यात झरथुष्ट्री इराण्यांचा समावेश पारशी समाजात केला, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने दोघे एक ठरले. परंतु त्यांच्या येण्यात हजारएक वर्षांचे अंतर आहे, आणि काही इराणी हॉटेलांचे मालक शिया मुसलमान होते, ही एक गोष्टही ‘इराणी म्हणजे पारशीच’ हे समीकरण मोडायला पुरेशी आहे.

इराण्याचे हॉटेल ही मुळात पाककृतींची नव्हे, तर बसण्याची जागा आहे. रस्त्याच्या कोपऱ्यावरचे गाळे हिंदू व्यापारी अशुभ मानून टाळत आणि म्हणून ते इराण्यांना मिळाले, असे सांगितले जाते. दोन्ही रस्त्यांकडे उघडणारे दरवाजे, संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, मालकाला सगळे हॉटेल दिसावे म्हणून लावलेले आरसे आणि काचेच्या बरण्यांतील बिस्किटे ही त्याची ओळख. पहाटे उघडायचे, गिरणीकामगाराला, टॅक्सीवाल्याला, कारकुनाला आणि विद्यार्थ्याला एकाच टेबलावर बसवायचे आणि एका कपावर हवा तितका वेळ बसू द्यायचे, हा त्याचा धर्म. जातीपातीप्रमाणे पंगती मांडणाऱ्या समाजात ही मोठी गोष्ट होती, आणि माझ्या मते इराण्याचे शहरावरचे खरे ऋण हेच आहे. धोबी तलावाजवळचे कयानी 1904 सालचे, तर ग्रँट रोड स्थानकाजवळचे मेरवान 1914 सालचे. त्यांची कीर्ती ज्या बन-मस्का, ब्रून (कडक पाव), खारी, मावा केक आणि ‘पानी कम’, म्हणजे दाट दुधाच्या, चहावर उभी आहे, त्यांत इराणचे जवळजवळ काहीच नाही, कारण इराणात चहा दुधाशिवाय पितात. हे सगळे मुंबईच्या भट्टीत आणि मुंबईच्या गिऱ्हाइकासाठी घडले.

पारशी जेवणघराची गोष्ट उलटी आहे. तेथे आधी पाककृती होत्या आणि जागा नंतर आली. धानशाक (डाळी, भाज्या आणि मटण एकत्र शिजवलेला पदार्थ), साली बोटी (बटाट्याच्या सळ्या घातलेले मटण), पात्रानी मच्छी (केळीच्या पानात वाफवलेला मासा), लगननू कस्टर्ड (लग्नातले कस्टर्ड) हे पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या घरात आणि लग्नाच्या आणि नवजोतच्या (मुलांच्या धर्मदीक्षेच्या) पंगतीत, केळीच्या पानावर वाढले गेले. बाहेरच्या माणसाला ते आमंत्रणाशिवाय क्वचितच मिळत. फोर्टमधील 1884 साली स्थापन झालेल्या रिपन क्लबचा बुधवारचा धानशाक प्रसिद्ध आहे, पण तो सभासदांसाठी. या पदार्थांना प्रसंगाचे नियमही आहेत: पारशी घरात धानशाक मृत्यूनंतरच्या चौथ्या दिवशी किंवा एरवी रविवारी होतो, शुभकार्याच्या दिवशी तो करीत नाहीत. चहासोबतच्या ब्रूनला असा कोणताही प्रसंग लागत नाही. म्हणून पारशी जेवण देणारी हॉटेले मुंबईत थोडी, आणि त्यांची खरी वेळ दुपारच्या जेवणाची.

बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया अँड कंपनी (1923) मात्र या विभागणीत सरळ बसत नाही, आणि म्हणूनच तिच्याकडे नीट पाहिले पाहिजे. कोहिनूर हे इराणी झरथुष्ट्री घराणे, खुर्च्या आणि उंच छत इराण्याच्या हॉटेलाचे, परंतु पानावर धानशाक आणि साली बोटी. तिचा प्रसिद्ध बेरी पुलाव हा इराणच्या झरेश्क पोलोचा (झरेश्क नावाच्या बेरी घातलेल्या भाताचा) मुंबईच्या मसाल्यात मुरलेला अवतार आहे, आणि त्यातील लाल आंबट झरेश्क इराणहून येतात. म्हणजे इराणची खरी चव मुंबईकराला मिळाली ती बन-मस्क्याच्या टेबलावर नव्हे, तर धानशाकाच्या शेजारी. अशा एका मिश्र उदाहरणावरून सगळ्यांना एकच नाव देण्याची सवय लागली असावी.

नावाचा हा घोळ किरकोळ वाटला, तरी काय नाहीसे होत आहे ते त्यामुळे नीट कळत नाही. कोपऱ्यावरचा इराणी बंद होतो तो बहुधा जागेची किंमत, भागीदारांची वाढलेली कुटुंबे आणि पुढच्या पिढीने निवडलेले वेगळे व्यवसाय यांमुळे, आणि तो बंद झाला की ते टेबल, तो आरसा आणि अनोळखी माणसासमोर बसून प्यायलेला चहा दुसरीकडे हलवता येत नाही. पारशी हॉटेल बंद पडले, तर दुःख होतेच. पण त्या रविवारीही धानशाकाचे पातेले कोणाच्या तरी घरी चुलीवर चढलेले असते.