छापखान्याला पीडीएफच का लागते?

‘फॉन्ट कर्व्ह करा, ३ मिमी ब्लीड ठेवा, पीडीएफ/एक्स द्या.’ कर्व्ह करणे म्हणजे अक्षरांच्या आकृत्या बनवणे, ब्लीड म्हणजे कापण्याच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग किंवा चित्र, आणि पीडीएफ/एक्स म्हणजे छपाईसाठी नियम बांधलेली पीडीएफ. छपाईच्या या अटी एकदम ठरलेल्या नाहीत. बहुतेक अटींमागे वाया गेलेल्या छपाईच्या प्लेटा आहेत.

पूर्वी छापखान्यात फाइल जातच नसे. ब्रोमाइडचे, म्हणजे मजकूर उमटवलेल्या फोटो-कागदाचे, तुकडे चिकटवून पान जुळवायचे आणि कॅमेऱ्याने त्याची निगेटिव्ह काढायची. चूक असली तर ती समोर दिसे. ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा, १९८५ मधला ॲपलचा लेझररायटर प्रिंटर आणि त्याच वर्षीचे पेजमेकर हे पान जुळवण्याचे सॉफ्टवेअर यांनी पान संगणकावर आणले. मात्र पेजमेकर काय किंवा क्वार्कएक्सप्रेस काय, त्यांच्या फाइलमध्ये अख्खे पान नसे. फॉन्ट संगणकात, मोठी चित्रे वेगळ्या फाइलींत. पानावर फक्त चित्राची ढोबळ झलक आणि मूळ फाइलचा पत्ता. म्हणून सगळे फोल्डरच डिस्कवर भरून पाठवावे लागे. एक फॉन्ट राहिला की छापखान्यात दुसराच लागायचा, ओळी सरकायच्या, शेवटची ओळ चौकटीबाहेर जायची. देवनागरीचे हाल अधिक: जुन्या फॉन्टांत आपली अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली, त्यामुळे फॉन्ट नसला की पानभर रोमन गिचमीड. कर्व्ह करण्याची सवय आपल्याकडे इतकी घट्ट बसली ती यामुळे. पण कर्व्ह केल्यावर मजकूर दुरुस्त करता येत नाही. मूळ फाइल जपून ठेवायलाच हवी.

१९९३ मध्ये आलेल्या पीडीएफमध्ये फॉन्ट आणि चित्रे फाइलच्या पोटातच ठेवता आली. ‘ठेवता आली’, सक्ती नव्हती. आरजीबी (पडद्यावरच्या लाल-हिरवा-निळा) रंगांच्या, फॉन्ट नसलेल्या पीडीएफही येतच राहिल्या. ही मोकळीक २००१ च्या पीडीएफ/एक्स-१ए या आयएसओ मानकाने काढून घेतली: फॉन्ट आतच हवेत, रंग सीएमवायके (छपाईच्या निळा, किरमिजी, पिवळा, काळा या चार शाया) किंवा स्पॉट (वेगळी खास शाई), ट्रिमची म्हणजे पान कापण्याची हद्द नोंदलेली. पारदर्शकता, म्हणजे खालचे दिसू देणारे थर, मात्र चालत नव्हती. सावल्यांसारखे थर आधी खालच्या चित्रात मिसळून सपाट करावे लागत आणि त्यात चित्राचे तुकडे पडून सांध्यांवर बारीक पांढऱ्या रेघा दिसत. २००८ च्या एक्स-४ मध्ये पारदर्शकता तशीच ठेवता येते. रिप (फाइलचे छपाईच्या ठिपक्यांत रूपांतर करणारी यंत्रणा) जुना असेल तर आजही एक्स-१ए हीच मागितली जाते, म्हणून निर्यातीआधी विचारून घ्यावे.

आकड्यांची कारणे साधी आहेत. छपाईत चित्राचे ठिपके होतात; इंचाला ठिपक्यांच्या १५० ओळी असलेल्या स्क्रीनची दुप्पट म्हणजे चित्रासाठी ३०० पीपीआय (इंचाला पिक्सेल). कटिंग थोडे सरकले तर कडेला पांढरी पट्टी दिसू नये म्हणून ब्लीड. बारीक मजकूर फक्त १०० टक्के काळ्यात ठेवावा. चार रंगांत केला आणि रजिस्टर (रंगांची एकमेकांवरची जुळणी) जराही हलले, तर अक्षराभोवती रंगीत कडा दिसते.