कुसळाची शेपूट कापू नका

पावसाळा तोंडावर आला की व्हॉट्सअॅपवर तो मेसेज फिरायला लागतो, 'अमुक गावचा माळ ओसाड पडलाय, चला हजार झाडं लावूया'. हेतू चांगला असतो म्हणून कोणी काही बोलत नाही. मी मात्र आता बोलतो, कारण तो माळ ओसाड नसतो, मे महिन्यात उघडाबोडका दिसतो एवढंच. पुण्याच्या पूर्वेकडून सोलापूरपर्यंतचा हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला, वर्षाला ५००-६०० मिलिमीटर पाऊस, वर वीतभर माती आणि खाली मुरूम. इथे राज्य गवताचंच. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, चंडोल ही सगळी मंडळी या गवताच्या जिवावर जगतात, नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली झालं तेही असल्याच माळावर. पण कागदोपत्री याचं नाव 'पडीक', आणि पडीक म्हटलं की कोणालाही खड्डे खणायचा हात शिवशिवतो.

मग त्या खड्ड्यात काय लावतात? बऱ्याचदा गिरीपुष्प. मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड, पटकन वाढतं, फोटोत हिरवंगार दिसतं. पण माळावरची बहुतेक गवतं ऊन खाऊन जगणारी, सावली पडली की संपलीच. त्यात गिरीपुष्प मातीत नायट्रोजन भरतं, ते शेतात छान असेल पण माळावर त्याचा फायदा गवताआधी तणांना होतो. माळावरचं कुसळ सगळ्यांना दिसतं, हे मुसळ कोणाला दिसत नाही.

तर आमचा पाचसात जणांचा एक गट आहे, आम्ही गेली काही वर्षं एका गायरानाच्या तुकड्यावर गवत परत आणायचा उद्योग करतोय. गिरीपुष्प आणि सुबाभळीची रोपं मुळासकट उपटायची, नांगर अजिबात लावायचा नाही, ओघळींना दगडांचे बांध घालायचे, चराई पाळीपाळीने ठेवायची आणि गवताचं बी गोळा करून उघड्या पडलेल्या जागेत टाकायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण आम्ही माती खाल्ली ती या शेवटच्या कामात, आणि त्यामुळेच मला कुसळी गवताचं वेड लागलं.

कुसळी तुम्हाला माहितीये. नोव्हेंबरात माळावर फिरून आलात की मोज्यांत, पँटच्या काठात जे टोचत बसतं तेच. एक कुसळ काढून नीट बघा. खाली टोकदार बी, सुईसारखं, त्याच्यावर तांबूस ताठ केस, सगळे मागे वळलेले, गळाला उलटा काटा असतो तसे. आत जाऊ देतात, बाहेर येऊ देत नाहीत. वर दोनेक इंचांची काळसर शेपूट, तिचा खालचा भाग दोरीसारखा पिळलेला आणि मध्ये गुडघ्यासारखी वाकलेली. आता या शेपटीवर पाण्याचा एक थेंब सोडा. थोडं थांबा. ती फिरायला लागते! खरंच, डोळ्यांसमोर, घड्याळाच्या काट्यासारखी. वाळली की उलटी फिरते.

गंमत म्हणजे यात जिवंत काहीच नाही, शेपटीतल्या पेशी कधीच मेलेल्या असतात. सगळी करामत त्यांच्या भिंतींची. पेशीच्या भिंतीत सेल्युलोजचे अतिसूक्ष्म धागे असतात, आणि ते उभे किंवा आडवे नसून मळसूत्रासारखे तिरके गुंडाळलेले असतात. धागा स्वतः लांबीने जवळजवळ ताणत नाही, पण दोन धाग्यांच्या मधला मऊ मसाला पाणी पिऊन फुगतो. म्हणजे भिंत फुगते ती धाग्यांच्या आडव्या दिशेने, धाग्यांच्या दिशेने नाही, आणि धागेच तिरके असल्यामुळे फुगताना सरळ लांब होण्याऐवजी अख्खी पेशी स्वतःभोवती वळते. वाळताना मसाला आकसतो, धाग्यांचा कोन बदलतो, पेशी परत उलटी पिळली जाते. आतल्या पेशींमधला धाग्यांचा कोन वेगळा, बाहेरच्या पेशींमधला वेगळा, त्यामुळे एक थर जास्त आकसतो, दुसरा कमी, आणि अशा शेकडो पेशी एकमेकींना चिकटलेल्या असल्यावर पूर्ण शेपटीचाच पीळ होतो. (डोक्यावरून गेलं असेल तर ओला टॉवेल दोन्ही हातांनी पिळा आणि एक हात सोडून द्या, साधारण तसं.)

आता हे कुसळ जमिनीवर पडलंय असं समजा. वाकलेली वरची शेपूट एखाद्या काडीला, खड्याला अडकते. ती अडकली, म्हणजे आता शेपूट फिरू शकत नाही, मग फिरणार कोण? बी! रात्री दव पडलं की एका बाजूला फिरतं, दुपारी ऊन तापलं की दुसऱ्या बाजूला, आणि उलट्या केसांमुळे प्रत्येक फेरीत थोडंसं खालीच सरकतं. ना मोटर, ना बॅटरी, हवेतल्या ओलाव्यावर चालणारं ड्रिलिंग मशीन.

रानटी ओटच्या कुसळाचीही हीच खोड आहे. १६६५ साली इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने ते वापरून हवेतला ओलावा दाखवणारं यंत्र कसं बनवायचं ते लिहून ठेवलंय. त्या काळी काही जादूगार हेच कुसळ 'अरबी कोळ्याचा पाय' म्हणून दाखवायचे, पाण्याचा थेंब टाकायचा, तोंडाने काहीतरी पुटपुटायचं आणि कुसळ फिरलं की लोक थक्क. आपल्याकडे थेंब टाकून पुटपुटणाऱ्यांचा धंदा अजून तेजीत आहे, कुसळ तेवढं बदललं.

आता आमचा पराक्रम. पहिल्या वर्षी दोन पोती कुसळी गोळा केली, तर शेपट्या एकमेकींत गुंतून त्याचा असला गुंता झाला की मूठभर बीसुद्धा सुटं होईना. मग आम्ही शहाण्यांनी चार रविवार बसून कात्रीने शेपट्या कापल्या. बी एकदम सुटसुटीत! त्यातलं थोडं डिसेंबरातच ट्रेमध्ये पेरून बघितलं, एकही उगवलं नाही, कारण ताजं बी झोपलेलं असतं, काही महिने वाळत पडल्याशिवाय ते जागं होत नाही, हे आम्हाला नंतर कळलं. बाकीचं जूनमध्ये माळावर फेकलं. ते वरच पडून राहिलं, अर्धं मुंग्यांनी नेलं, उरलेलं पहिल्या जोरदार सरीत ओघळीला लागलं.

तिथे मेंढरं चारणारे एक म्हातारे आबा आहेत, त्यांनी ते कापलेलं बी तळहातावर घेतलं आणि विचारलं, "शेपूट कुणी कापली रं?" आम्ही गप्प. "आरं, ती शेपूट मेंढराच्या लोकरीत गेली की बी कातडं फोडून आत जातंय. कातड्यात जातंय तर भुईत जाणार न्हाई व्हय?" कुसळी पिकायच्या आधी, कोवळी असताना आबा तिथे मेंढरं चारतात आणि कुसळं धरली की कळप दुसरीकडे हलवतात. आमचं चराईचं वेळापत्रक आता आबांच्या हिशोबाने चालतं.

सीड बॉलवाल्यांनाही माझं हेच सांगणं असतं. कुसळीचं बी मातीच्या गोळ्यात कोंबलं की शेपूट अडकून पडते, मशीन बंद. गाडीतून गोळे फेकतानाचा व्हिडिओ मस्त येतो म्हणा.

आता आम्ही गुंताच्या गुंता तसाच ठेवतो, गोणपाटावर पसरून कोरड्या जागी वाळवतो आणि मेअखेरीस उघड्या मुरमावर बारीक काटक्या-दगड विखरून त्यांच्यामध्ये अंथरतो, म्हणजे शेपटीला अडकायला काहीतरी मिळतं. जवळच्या शाळेची पोरं येतात तेव्हा भाषण वगैरे काही देत नाही, प्रत्येकाच्या हातात एक कुसळ आणि पाण्याचा ड्रॉपर. गेल्या खेपेला एक मुलगी ओरडली, "सर, हे जिवंत आहे!" आणि मग ते मेलेलं आहे हे तिला पटवताना माझी अर्धा तास दमछाक झाली. कुसळी काही शेवटचा टप्पा नाही, माळ सावरला की मागून पवना, मारवेल, डोंगरी अशी जास्त चांगल्या चाऱ्याची गवतं यायला हवीत, आमच्याकडे एका कोपऱ्यात मारवेल दिसायला लागलंय.

नोव्हेंबरात कोणाला यायचं असेल तर जरूर या. जाडे लोकरी मोजे घाला. परत जाताना त्यांच्यात घुसलेली कुसळं उपटून रस्त्यावर टाकू नका, शेपटीसकट एका कागदी पाकिटात भरून आमच्याकडे द्या, लागतात.