मराठवाड्यातील पाणीपुरवठा व सांडपाणी व्यवस्था

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, परभणी, हिंगोली व नांदेड या आठ जिल्ह्यांत पिण्याचे पाणी पुरवण्याची आणि वापरलेले पाणी वाहून नेण्याची व्यवस्था. यातल्या पहिल्या अर्ध्याची चर्चा दर उन्हाळ्यात होते, दुसऱ्याची क्वचितच.

प्रदेश पर्जन्यछायेतला आणि खाली बेसाल्टचा कातळ. कातळाच्या भेगांत मुरेल तेवढेच पाणी साठते. त्यामुळे दिवाळीत तुडुंब दिसणारी विहीर होळीपर्यंत तळ गाठते आणि बोअर कितीही खोल नेले तरी भरवसा नसतो. जुन्या लोकांनी हे ओळखून डोंगरातले झरे भूमिगत नहरींनी गावात आणले. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने खडकीसाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरासाठी, बांधलेली नहर-ए-अंबरी हे त्याचे ठळक उदाहरण. ना पंप, ना वीज. सगळा खेळ उताराचा. बीडजवळची खजाना विहीर त्याच परंपरेतली. जालन्याला घाणेवाडी तलावाचे पाणी येई तेही उतारानेच.

आता बहुतेक शहरे दूरच्या धरणांवर अवलंबून आहेत. पैठणचे जायकवाडी धरण (१९७६) त्यांतले सर्वांत मोठे. त्याच्या नाथसागर जलाशयाची क्षमता सुमारे १०२ टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यातला सुमारे २६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे धरणाच्या दारांखाली राहणारे पाणी, आहे. टंचाईच्या वर्षी शहरे या मृतसाठ्यावरच तगतात, तेव्हा त्याला मृत म्हणणे जरा विचित्रच. गोदावरीवर वर नाशिक-नगरची धरणे आहेत. त्यांनी किती पाणी खाली सोडावे हा वाद महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ मधील समन्यायी वाटपाच्या तत्त्वावर लढला जातो. या वाटपाचा अभ्यास करणाऱ्या मेंढेगिरी समितीने सुचवलेला निकष असा की ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरून पाणी सोडावे. धाराशिव शहराने तर खोरेच ओलांडले. तिथे भीमेवरच्या उजनीचे पाणी आणावे लागले.

धरण भरले म्हणजे नळाला पाणी आले असे होत नाही. सरकारी माप लिटरचे आहे : भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी दररोज १३५ लिटर, जलजीवन मिशनखाली (२०१९) गावात ५५. लोकांचे माप दिवसांचे आहे : ‘नळ कितव्या दिवशी?’ छत्रपती संभाजीनगरात जायकवाडी जेमतेम पन्नास किलोमीटरवर असूनही नळ दिवसाआड नव्हे, कित्येक दिवसांआड येतो. कारण जुन्या जलवाहिन्या वाढत्या शहराला पुरत नाहीत. त्यांच्या जोडीला टाकायच्या समांतर जलवाहिनीची खासगी सहभागाची योजना २०१६ मध्ये रद्द झाली. २०२० मध्ये १,६८० कोटी रुपयांच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले आणि पुढे तिचा खर्च वाढत गेला. नळाच्या दोन पाळ्यांमधल्या या अंतरामुळे घराघरांत हौद, सिंटेक्सच्या टाक्या आणि थेट नळाला लावलेल्या मोटारी आल्या. रिकामी पडलेली वाहिनी फुटक्या जोडांतून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढते, म्हणून नळाचे पहिले पाणी सांडून देण्याची सवय लागली आहे.

या व्यवस्थेची परीक्षा २०१६ मध्ये लातूरला झाली. मांजरा धरण कोरडे पडले, टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली : दहा वाघिणी (टाकीचे डबे), पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. ‘जलदूत’ म्हणून ती गाजली.

सांडपाण्याचे गणित सोपे आहे. पुरवलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के गटारात परतते, असे नियोजनात धरले जाते. भुयारी गटार मोजक्याच शहरांत आणि तेही अर्धेमुर्धे. बाकी घरांना सेप्टिक टँक, त्याचा ओघ उघड्या नालीत. जिथे वाहिन्या आहेत तिथे वेगळीच अडचण : मैला पुढे ढकलायला सतत प्रवाह लागतो आणि नळच आठवड्याने येत असेल तर वाहिनी तुंबते. छत्रपती संभाजीनगरातली खाम नदी अनेक दशके शहराचा नाला म्हणूनच वाहिली. तिचे पाणी पुढे नाथसागराकडे, म्हणजे शहर जिथून पिते तिकडेच, जाते. कांचनवाडीला प्रक्रिया केंद्र झाले आहे, पण नाल्याला मिळणारा प्रत्येक ओघ तिथपर्यंत पोहोचत नाही. नांदेडमध्येही गोदाघाटालगत नाले नदीत उतरतात.

खेड्यांत घरोघरी शौचालये बांधली गेली, पण मोरीचे पाणी रस्त्यावरच राहिले. याला उत्तर नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी (ता. हिमायतनगर) गावाने शोधले : प्रत्येक घरासमोर दगडगोट्यांनी भरलेला शोषखड्डा. नाल्या उरल्या नाहीत, डबकी गेली आणि डासही हटले. खर्च थोडा, गवंडी गावातलाच. जिल्हा परिषदेने पुढे ही पद्धत इतर गावांत नेली. काळ्या चिकण मातीत पाणी हळू मुरते, त्यामुळे तिथे खड्डा मोठा घ्यावा लागतो आणि काही वर्षांनी त्यातले गोटे काढून धुवावे लागतात.